१८० ठोकळे, ३,१५,८७० रुपये आणि एक उलटा बाण

गेल्या आठवड्यात दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका कॉलेजच्या क्रीडाशिक्षकांनी मला एका विक्रेत्याची पीडीएफ पाठवली. "सर, बोटीत चढायउतरायला तरंगती जेट्टी यांच्याकडून घ्यावी म्हणतोय, तुमचं काय मत?" मला फसवणाऱ्याचीच ती, आणि तिसऱ्या पानावर 'पूर्ण केलेले प्रकल्प' म्हणून माझंच ड्रॉइंग! आठ महिने लाजेपोटी गप्प होतो. आता लिहितोच.

मी सिव्हिल इंजिनिअर, धंद्यात बावीस वर्षं. हे आधीच सांगतो, कारण "शिकलेला माणूस कसा फसला?" हे सगळ्यांनी विचारून झालंय. सांगलीत कृष्णेवर आमच्या कॉलेजच्या मुलांचा छोटासा रोइंग क्लब आहे. मुलं घाटाच्या शेवाळलेल्या पायरीवरून बोटीत उतरतात, बोट दगडाला घासते, खालची फिन, म्हणजे बोट सरळ ठेवणारं पातं, मोडते. जानेवारीत स्पर्धा होती. आम्ही ४३ माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढली आणि डिझाइन माझ्या गळ्यात पडलं. हौसेनंच घेतलं.

इथं पक्का धक्का चालत नाही. आयर्विन पुलाजवळ ४५ फुटांना धोक्याची पातळी, आणि २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. म्हणून प्लॅस्टिकचे जोडायचे ठोकळे, साखळीनं नांगरलेले, जूनआधी सुटे करून वर काढायचे. १५ मीटर बाय ३ मीटर. अर्ध्या मीटरचा ठोकळा धरला तर १८० नग. एका ओळखीच्या पुरवठादाराचा भाव नगाला ३,६५० होता. पीडीएफवाला हा विक्रेता म्हणाला २,३५०. फरक २,३४,००० रुपयांचा. वर्गणीचा पैसा वाचवायचा नाही तर काय करायचं?

पहिल्याच फोनवर मी विचारलं, धक्का पाण्यावर किती उंच राहील? तो म्हणाला, "जितका उंच तितका सेफ, सर." इथंच फोन ठेवायचा! नेहमीचा ठोकळा ४० सेंटिमीटर उंच असतो आणि रिकामा असताना जेमतेम बुडतो, म्हणजे बहुतेक सगळा पाण्याच्या वरच राहतो. रोइंगची बोट पाण्याला चिकटून चालते. धक्का उंच असला की बोटीचा रिगर (वल्हं अडकवायची बाजूला आलेली दांडी) त्यावर आपटतो, आणि पोरांना खड्ड्यात उतरल्यासारखं उतरावं लागतं. आम्हाला पाण्यापासून पंधरा-सोळा सेंटिमीटरच हवे होते. जेट्टी विकणाऱ्याला हे ठाऊक नाही म्हणजे त्यानं रोइंगवाल्यांना एकही विकलेली नाही. पण मी काय केलं? वीस मिनिटं त्याला शिकवलं. वर माझं स्केच पाठवलं. दोन दिवसांनी तो माझेच शब्द मला ऐकवायला लागला, आणि मला वाटलं, व्वा, जाणकार माणूस आहे.

पण खरा चटका पुढेच आहे. स्केचवर घाईत मी नदीच्या प्रवाहाचा बाण उलटा काढला होता. चार दिवसांनी 'आमच्या इंजिनिअरने साइटचा अभ्यास करून' केलेलं ड्रॉइंग आलं. रंगीत, शिक्का मारलेलं. त्यातही बाण उलटाच. मी तो पाहिला. स्क्रीनवर बोट ठेवून पाहिला! आणि मनात आलं काय, तर अरेरे, आपली चूक त्यांच्याही ड्रॉइंगमध्ये गेली, आता सांगितलं तर आपलीच शोभा. साइट खरोखर पाहणारा माणूस कृष्णा उलटी कशी वाहवेल, हा प्रश्न पडला नाही. स्वतःची अब्रू झाकण्यात गुंग होतो. आजही रात्री जाग आली की तो बाण दिसतो.

१४ नोव्हेंबरला निम्मा ॲडव्हान्स, जीएसटी धरून २,४९,५७०. मग "तुमची कमी उंची स्पेशल आहे, मोल्ड बदलावा लागेल" म्हणून ३८,५००. हे मी माझ्या खिशातून भरले, कारण उंचीचा हट्ट माझा. मग ट्रक निघाल्याचा व्हिडिओ आणि २७,८०० भाडं. एकूण ३,१५,८७०. मग फोन बंद.

जीएसटी नंबर मी पोर्टलवर टाकला होता, हो! चालू होता, पण नाव भलतंच. तो म्हणाला, "सिस्टर कन्सर्न", म्हणजे त्यांचीच दुसरी कंपनी. बँक खातं तिसऱ्याच नावावर. तीन नावं दिसली की एक रुपयाही सोडू नका. मालवाहतुकीच्या ई-वे बिलाचा नंबर १२ आकडी असतो, माझ्याकडच्या कागदावर ११ होते. मी मोजले ते पैसे गेल्यावर.

आता सरकारी पाहुणचार. १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावला, तक्रार नोंदली गेली, त्या खात्यात उरलेले ११,२४० रुपये गोठवले. ते सोडवायला कोर्टाचा आदेश आणा म्हणे. बँकेत साहेब म्हणाले, "ट्रान्सफर तुम्हीच केलंय ना?" पोलीस ठाण्यातल्या हवालदारांनी विचारलं, "जेट्टी? सांगलीत बंदर कधी झालं?" हसले सगळे. मग ऐकवलं, माल आला नाही म्हणजे दिवाणी मामला, वकील बघा. सायबरवाल्यांनी पुन्हा ठाण्यात पाठवलं, ठाण्यानं सांगितलं खातं परराज्यातलं, तिकडं जा. भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं ३१८ कलम मीच त्यांना मोबाइलवर दाखवलं, तेव्हा "साहेब जेवायला गेलेत". सहा हेलपाटे, तीन अर्ज, दोन पोच. शेवटी पोलीस अधीक्षकांना पोस्टानं लेखी अर्ज धाडला. तुमच्यावर वेळ आली तर हे पहिल्याच आठवड्यात करा, माझ्यासारखे तीन महिने घालवू नका. आणि १९३० ला त्याच तासात फोन करा. मी "उद्या ट्रक येईल" म्हणत नऊ दिवस थांबलो.

कारखाना डोळ्यांनी बघा. ठोकळा हातात घेऊन वजन करा. विक्रेत्याला प्रश्न विचारा आणि उत्तर येईपर्यंत तोंड बंद ठेवा.

वर्गणीवाल्यांच्या बैठकीत मी हिशेब वाचून दाखवला. कुणी काही बोललं नाही, तेच जास्त लागलं. बैठकीनंतर घाटाजवळच्या फॅब्रिकेटरकडे गेलो. त्यानं मला सुरुवातीलाच ड्रम आणि अँगलचा धक्का करून देतो म्हटलं होतं, आणि मी "बघू" म्हणून उडवून लावलं होतं. त्यानं वेल्डिंग थांबवून विचारलं, "धक्का पाण्यावर किती उंच ठेवायचा, तेवढं सांगा. जास्त वर आला तर ड्रममध्ये पाणी भरू." मी ॲडव्हान्सचं विचारलं.

"नको. लोखंड तुम्हीच आणून टाका, सर."