सहा रुपये किलोने तीनशे किलो पाणी

घरात गॅस आहे, पण आंघोळीचं पाणी अजून बंबातच तापतं आणि आईची भाकरी नि माशांचं कालवण चुलीशिवाय होत नाही, त्यामुळे पावसाआधी फाटी, म्हणजे जळणाची लाकडं, भरून ठेवणं आलंच. बाकीचे लोक जानेवारी-फेब्रुवारीत फोडून उन्हात टाकतात. मी गेल्या वर्षी काजूच्या सीझनच्या नादात मे उजाडेपर्यंत बसलो आणि तिथेच फसलो.

टेम्पोवाला दारात आला. "काकानू, गेल्या उन्हाळ्यातली फाटी आसत, ऐन नि किंजळ. काडी लावल्यात की पेटतली." वरचे दोन थर बघितले, टोकांना चिरा, साल सुटलेली, एकावर एक आपटली तर खणखणीत आवाज. सहा रुपये किलो ठरलं. काट्यावर वजन केलं, ८०० किलो, पावतीसुद्धा दिली. वजनात एका किलोचा घोळ नाही, ते कबूल करायला हवं. ४८०० रोख मोजले, त्याने मांगराजवळ (शेतातल्या खोपीजवळ) गाडी रिकामी केली आणि गेला.

रचायला घेतली तेव्हा खालचा माल दिसला. कापलेल्या तोंडांना तांबडी माती फासलेली, जुनं दिसावं म्हणून! ओल्या फडक्याने पुसलं तर आत पांढरंफटक ताजं लाकूड. काही ओंडक्यांची साल कोयत्याने तासलेली होती, मला वाटलं साफ करून दिलंय बरं. आईने एक हातात फिरवला नि म्हणाली, "ह्यो ऐन न्हय रे, सावर आसा ही. मेल्यान काटे तासून टाकल्यान!" सावरीच्या खोडाला जाड काटे असतात, ते ठेवले असते तर शाळकरी पोरानेही ओळखलं असतं. उरलेली बहुतेक अकेशिया. अकेशिया वाईट नाही हां, सुकली की मस्त जळते, पण ही आठवड्यापूर्वी उभी असावी. आणि ऐन, किंजळ ही १९६४ च्या झाडतोड कायद्यातली झाडं, परवानगीशिवाय तोडता येत नाहीत हे मला पक्कं माहीत होतं, तरी कागद मागितला नाही, स्वस्तात ऐन मिळतोय म्हणून गप्प बसलो.

फोन केला तर दोनदा "येतंय" म्हणाला, मग नंबरच बंद.

जून लागला आणि तमाशा सुरू. चुलीत लाकूड घातलं की टोकातून फेस, सूं सूं आवाज, धग आतलं पाणी उडवण्यात वाया जायची आणि धूर इतका की आई डोळे पुसत सोडणं (नारळाची सालं) नि करवंट्या घालून पेटवायची, म्हणजे जळण जाळायला वेगळं जळण. बंबाच्या नळकांड्यात काजळीचा थर बसला तो वेगळाच. त्यात मी शहाण्यासारखी अख्खी रास ताडपत्रीत गुंडाळली होती, आत घाम धरला, बुरशी आली, वर अळंबी उगवली आणि तीही खायची नव्हे! मग सगळी उपसून चिऱ्यांवर बांबू टाकले, जमिनीपासून वीतभर वर रचली, वरून फक्त पत्रा, बाजू मोकळ्या. रास हलवताना आधी काठी मारा, आमच्याकडे फुरशी, विषारी साप, त्यात बसतात.

एक ओंडका मी मुद्दाम खडूने खूण करून ठेवला होता. माशांच्या ताणकाट्यावर मे महिन्यात ४ किलो २००. फोडून चुलीवरच्या माळ्यावर टाकला, होळीला तेच तुकडे परत टांगले तर २ किलो ६००. सगळ्या गाडीला तोच हिशोब लावला तर तीनशे किलो नुसतं पाणी, म्हणजे अठराशे रुपये.

कोणी घेणार असाल तर वरचं लाकूड उचलून खूश होऊ नका, तळातलं स्वतः ओढून काढा आणि तिथेच फोडायला लावा, फोडलेली बाजू गालाला लावा, गार लागली तर ओलं आहे. आणि भाव किलोवर ठरवूच नका, गाडीवर ठरवा, मग पाणी किती का असेना. तो फोडायला नाही म्हणाला की गाडी परत पाठवा, मग भले आठवडाभर गॅसवर आंघोळ करा.

परवा आठवडा बाजारात तोच भेटला. मी काही बोलायच्या आत हसत म्हणतो, "काकानू, औंदा एक टेम्पो टाकू काय?"