कडकनाथाची म्हणून दिलेली रंगवलेली अंडी, आणि माझे गेलेले 2,00,620 रुपये

उबवणी यंत्र, फलित अंडी आणि "पिल्ले आम्हीच विकत घेऊ" हा करार, या तिन्ही गोष्टी एकच माणूस देत असेल तर त्या करारावर सही करू नका. यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावात मी ती केली आणि त्यात माझे 2,00,620 रुपये गेले. त्यातील 60,000 रुपये बचत गटाच्या कर्जाचे असून त्याचा हप्ता मी आजही भरते आहे.

मी काही न वाचता, न विचारता पैसे दिले, असे कोणी समजू नये. 2019 मधील इस्लामपूरचे प्रकरण, ज्यात कडकनाथ जातीच्या काळ्या कोंबड्या पाळायला देऊन शेतकऱ्यांना फसवले गेले, मला माहीत होते. कंपनीच्या माणसाने तर तो विषय स्वतःच काढला. "ताई, तिथे लोकांना पक्षी कित्येक महिने पोसायचे होते. आपले काम एकवीस दिवसांचे. पिल्लू निघाले, वाळले, की आमची गाडी दारात." त्याने मोबाईलवर कडकनाथाचे भौगोलिक मानांकनही (एखाद्या भागाच्या खास उत्पादनाला मिळणारी सरकारी ओळख) दाखवले. ते मानांकन 2018 मध्ये मध्य प्रदेशातील झाबुआच्या कडकनाथ मांसाला मिळाले आहे. कोणा खाजगी कंपनीच्या अंड्यांची हमी त्यातून मिळत नाही, हे मात्र त्याने सांगितले नाही.

पहिली खेप त्यांनी चोख पार पाडली. 200 अंड्यांचे यंत्र 24,000 रुपयांचे आणि अंडी 30 रुपये दराने 6,000 रुपयांची. त्यातून निघालेली 148 पिल्ले त्यांनी 60 रुपये दराने नेली आणि 8,880 रुपये त्याच संध्याकाळी खात्यात जमा केले. एवढे झाल्यावर कोणाचाही विश्वास बसला असता. पुढच्या खेपेसाठी मी 1,000 अंड्यांचे यंत्र 1,18,000 रुपयांना, अंडी 30,000 रुपयांना आणि ब्रूडरचे (पिल्लांना ऊब देण्याच्या जागेचे) सामान 21,500 रुपयांना घेतले, शिवाय करार शुल्क म्हणून 10,000 रुपये भरले. पैसे कंपनीच्या नव्हे, तर एका व्यक्तीच्या खात्यात मागितले गेले. तुमच्याकडे असे खाते दिले तर तिथेच थांबा.

अंडी आली ती ऐन उन्हाळ्यात, आणि ज्या क्षणाची आठवण मला अजून झोपू देत नाही तो त्याच दुपारचा आहे. आर्द्रतेसाठी यंत्रातल्या ट्रेमध्ये पाणी भरून मी ओल्या हातानेच अंडी मांडत होते, तेव्हा अंगठ्याला चहासारखा तांबूस रंग लागला. मी अंडे पदराने पुसले तर तेवढाच भाग पांढरा झाला. सगळी अंडी एकाच मापाची होती, एकावरही विष्ठेचा डाग नव्हता. मी विचारले, तेव्हा फोनवर उत्तर आले, "औषधाच्या पाण्यात धुतली आहेत, ताई, रोग येऊ नये म्हणून." अंडी निर्जंतुक करतात हे मला ठाऊक होते, म्हणून मी पुढची अंडी मांडली. वास्तविक ती बहुतेक सगळी लेअर फार्मवरची, म्हणजे खाण्याच्या अंड्यांसाठी कोंबड्या पाळतात तिथली, रंग दिलेली पांढरी अंडी होती. तिथे कोंबडाच नसतो. त्या अंड्यातून पिल्लू निघणे शक्यच नाही.

सातव्या दिवशी अंधारात टॉर्चवर अंडी धरून पाहिली. जिवंत गर्भाच्या अंड्यात कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसतात. ट्रेमागून ट्रे गेले तरी ही अंडी स्वच्छच दिसत होती. शेवटी एक हजारातून 37 पिल्ले निघाली, आणि तीसुद्धा वरच्या दोन ट्रेमधून, जिथे कंपनीने दिलेली थोडी खरी अंडी होती.

कंपनीने दोष आमच्या उन्हाला दिला. बाहेर 44 अंश असताना खोलीचे तापमान अंड्यांना लागणाऱ्या 37.5 अंशांच्या वर गेले की यंत्रातला हीटर बंद होतो, पण यंत्र स्वतः थंड होऊ शकत नाही, हे खरेच आहे. म्हणूनच मी खोलीत कूलर लावला होता, इन्व्हर्टर घेतला होता आणि तापमान वहीत लिहीत होते. उष्णतेने गर्भ मेला तर अंड्यात रक्ताचे कडे दिसते. माझ्या स्वच्छ अंड्यांत गर्भ कधी नव्हताच. शिवाय त्याच यंत्रात, त्याच उन्हात 37 पिल्ले निघाली, याचे उत्तर मला कोणी दिलेले नाही.

पोलीस ठाण्यात सांगितले गेले की हा दिवाणी व्यवहार आहे, कोर्टात जा. नंतर सांगितले, कंपनी दुसऱ्या जिल्ह्यातली आहे, तिकडे जा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार दखलपात्र गुन्ह्याची (ज्याचा तपास पोलीस कोर्टाच्या आदेशाविना करू शकतात) माहिती कोणत्याही ठाण्यात देता येते, हे मी लिहून नेले, तर कागद न वाचताच परत दिला. बँकेने समोरचे खाते गोठवण्यासाठी पोलिसांचे पत्र मागितले. पत्रासाठी गुन्हा क्रमांक हवा आणि गुन्हा तर कोणी नोंदवतच नाही. अंडी निर्बीज असल्याचा दाखला मागितला तेव्हा पशुवैद्यकीय दवाखान्यात "खाजगी व्यवहारात आम्ही पडत नाही" असे उत्तर मिळाले. कर्ज काढून स्वयंरोजगार करा म्हणून गावोगावी सांगणाऱ्या यंत्रणेला, फसवणूक झालेल्या बाईची अंडी टॉर्चवर धरून पाहायला पाच मिनिटे नसावीत, याचा मला संताप येतो.

आता मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करत आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. "तुम्ही व्यवसायासाठी घेतले, तुम्ही ग्राहक नाही" असे कोणी म्हटले तर ऐकू नका. स्वयंरोजगारातून उपजीविकेसाठी घेतलेली वस्तू कायद्यात ग्राहकाचीच धरली जाते. अंडी घ्यायचीच असतील तर ज्याच्या कळपात कोंबडे डोळ्यांनी पाहिले त्याच्याकडूनच घ्या, आणि प्रत्येक ट्रेमधले एक अंडे ओल्या फडक्याने पुसून पाहा. खराब अंडी रागाने उकिरड्यावर टाकू नका. फोडून, फोटो काढून, साक्षीदारांसमोर पंचनामा करून ठेवा. ज्यांनी माझ्यासारखे "सुरक्षा" म्हणून कोरे सही केलेले धनादेश दिले असतील त्यांनी आजच बँकेत लेखी अर्ज देऊन ते थांबवावेत आणि अर्जाच्या प्रतीवर शिक्का घ्यावा, कारण पैसे परत मागताच मला त्याच धनादेशांची धमकी आली आहे.