नाव ४०८०, वॅट फक्त १०५: ‘सीलबंद’ गेमिंग लॅपटॉपचा माझा अनुभव

मी घेतलेल्या गेमिंग लॅपटॉपमधल्या जीपीयूचं, म्हणजे ग्राफिक्स चिपचं, नाव खरं होतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘आरटीएक्स ४०८० लॅपटॉप जीपीयू’ असंच दिसत होतं आणि त्यात काहीही खोटं नव्हतं. फसवणूक झाली ती त्या जीपीयूला मिळणाऱ्या विजेत, रॅममध्ये आणि ‘नवा, सीलबंद’ म्हणून विकण्यात. सविस्तर लिहितोय, कारण हीच युक्ती महागडा गेमिंग लॅपटॉप शोधणाऱ्या कुणावरही चालू शकते. ज्याला यातलं बऱ्यापैकी कळतं, त्याच्यासाठीच ती बेतलेली आहे.

या वर्गातला लॅपटॉप घेणाऱ्याला काय हवं असतं, हे विकणाऱ्याला पक्कं ठाऊक होतं. रंगीत दिव्यांचा कीबोर्ड ही आमची पहिली चौकशी नसतेच. गेम तासभर चालल्यावरही पहिल्या पाच मिनिटांतला फ्रेमरेट (सेकंदाला दिसणारी चित्रं) टिकतो का, ही असते. त्यासाठी जीपीयूला पुरेशी वीज हवी, ती उष्णता बाहेर फेकणारं कूलिंग हवं, प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला बगल देऊन चित्र थेट स्क्रीनकडे पाठवणारा मक्स स्विच हवा, रॅमच्या दोन स्टिक हव्यात. मी हे सगळं एकेक करून विचारलं होतं आणि प्रत्येक प्रश्नाला ‘हो सर, आहे सर’ असं चॅटवर लेखी उत्तर आलं होतं.

वॅटचा मुद्दा जरा थांबून सांगायला हवा, कारण सगळा खेळ तिथेच आहे. आरटीएक्स ४०८० लॅपटॉप जीपीयू ६० ते १५० वॅटच्या दरम्यान कुठेही बसवायची मुभा ही चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाने लॅपटॉप बनवणाऱ्यांना दिली आहे. डायनॅमिक बूस्ट या सोयीमुळे प्रोसेसरच्या वाट्याचे आणखी २५ वॅटपर्यंत जीपीयूकडे वळू शकतात, म्हणून जाडजूड मशीनवर १७५ हा आकडा दिसतो. बारीक बॉडीत तीच चिप १००च्या आसपास अडवून ठेवलेली असू शकते. कुडा कोअर, म्हणजे चिपमधले गणित करणारे छोटे भाग, दोन्हीकडे ७४२४, मेमरी दोन्हीकडे १२ जीबी. पण क्लॉक, म्हणजे चिपचा वेग, वाढवायचा तर व्होल्टेज वाढवावं लागतं आणि विजेचा खर्च व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात चढतो. वॅटची मर्यादा गाठली की क्लॉक तिथेच अडतो. डेस्कटॉपवरचा ४०८० तर वेगळीच वस्तू आहे: ९७२८ कोअर, १६ जीबी आणि ३२० वॅट. पूर्वी, २०१७ पासून, कमी विजेच्या आवृत्त्यांना ‘मॅक्स-क्यू’ असं शेपूट असायचं आणि त्यावरून निदान अंदाज यायचा. २०२१मध्ये ३० मालिकेबरोबर ते नावातून गेलं. कंपन्यांनी वॅट आपल्या माहितीपानावर द्यावेत असं एनव्हिडियाने सांगितलं खरं, पण विक्रेत्याच्या जाहिरातीत ते येतीलच याची काही खात्री नाही. खोटं बोलणाऱ्याला नेमकी हीच फट पुरते.

जाहिरातीत ‘फुल पॉवर १७५ वॅट’ असं ठळक लिहिलं होतं. खाली टाइम स्पाय या बेंचमार्कचं (थ्रीडीमार्क सॉफ्टवेअरमधली ग्राफिक्सची चाचणी) एक चित्र होतं, फक्त गुण दिसतील असं चारही बाजूंनी कापलेलं. मी पूर्ण मॉडेल क्रमांक मागितला. आला. निर्मात्याच्या संकेतस्थळावर टाकून बघितला, तर खरोखरच जाड बॉडीचं, १७५ वॅटचं मशीन निघालं, सोबत ३३० वॅटचा अडॅप्टर. सगळं जुळलं. तरीही सीलबंद आहे का, रॅम दोन स्टिकची आहे का, हे मी वेगळं विचारलं. दोन्हीला होकार आला. पैशांबाबत त्यांची एक अट होती: काही रक्कम कार्डाने आणि उरलेली थेट खात्यावर, तरच जाहिरातीतला भाव.

खोकं आलं तेव्हा पहिली गोष्ट खटकली ती त्यावरचं लेबल. निर्मात्याचं छापील लेबल असतं, त्यावर मॉडेल क्रमांक, सिरीयल नंबर आणि बारकोड असतात. त्या लेबलच्या बरोब्बर वर विक्रेत्याचं स्वतःचं पांढरं स्टिकर चिकटवलेलं होतं, कडेला कडा जुळवून. खोकं उघडण्याचा व्हिडिओ चालूच होता. त्यातच मी नखाने स्टिकरचा कोपरा उचलला आणि सावकाश सोलून काढलं. खालचा क्रमांक चॅटमध्ये दिलेल्या क्रमांकापेक्षा वेगळा होता. कंपनी तीच, पण मालिका बारीक बॉडीची.

दुसरी गोष्ट अडॅप्टर. त्याच्या पाठीवर २० व्होल्ट, १२ अँपिअर असं छापलेलं होतं. गुणाकार केला की २४० वॅट. १७५ वॅटचा जीपीयू, गेममध्ये पन्नास-साठ वॅट सहज खाणारा प्रोसेसर, वर स्क्रीन, पंखे आणि एसएसडी, हे सगळं २४०मध्ये कसंबसं बसलं तरी टिकत नाही. तूट बॅटरीतून भरावी लागते. कुठलाही निर्माता १७५ वॅटच्या मशीनबरोबर सहसा इतका लहान अडॅप्टर देत नाही. लॅपटॉप सुरू करण्याआधीच कळावं, इतकी ही स्पष्ट खूण आहे.

लगेच मेसेज केला. उत्तर आलं, ‘सर, ही अपडेटेड बॉडी आहे, पॉवर तीच आहे. गेम लावून बघा.’

गेम लावून बघितला. त्याआधी जीपीयूची माहिती दाखवणारं जीपीयू-झेड हे सॉफ्टवेअर उघडून त्याच्या अॅडव्हान्स्ड टॅबमध्ये एनव्हिडिया बायोसची नोंद पाहिली. तिथे विजेची कमाल मर्यादा लिहिलेली असते. १०५ वॅट होती. एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलच्या सिस्टीम इन्फर्मेशनमध्येही तोच आकडा. मग टर्बो मोड लावला, मक्स स्विच थेट जीपीयूवर ठेवला, वॅट आणि तापमान टिपणाऱ्या एचडब्ल्यूइन्फो या सॉफ्टवेअरची नोंद चालू केली आणि जड गेम बराच वेळ चालवला. जीपीयूच्या विजेची रेघ १०५ला जाऊन टेकली आणि तिथून वर सरकलीच नाही. तापमान सत्तरीच्या आसपास होतं. याच नोंदीत वेग कशामुळे अडतोय हेही दिसतं, आणि इथे ‘पॉवर’समोर होय होतं, ‘थर्मल’समोर नाही. म्हणजे मशीन तापून मंदावत नव्हतं. त्याला तेवढीच वीज घ्यायची परवानगी होती.

हा फरक नीट लक्षात ठेवा, कारण यापुढे विक्रेता तुम्हाला उष्णतेच्या वाटेला लावतो. मला आधी कूलिंग पॅड घ्यायला सांगितलं. मग ड्रायव्हर पुसून परत टाकायला. मग विंडोज नव्याने टाकायला. प्रत्येक सल्ल्यानंतर ‘करून कळवा सर’, आणि कळवलं की पुढचं उत्तर यायला वेळ. माल परत घेण्याची मुदत या सगळ्यात सरत होती, आणि तोच हेतू होता याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

शेवटी आलेला प्रस्ताव सगळ्यात घातक होता. ‘आमचा टेक्निशियन रिमोटवर घेऊन पॉवर अनलॉक करून देईल.’ याचा अर्थ मोठ्या मशीनचा व्हीबायोस, म्हणजे जीपीयूची वीजमर्यादा ठरवणारं त्याच्या आतलं सॉफ्टवेअर, या मशीनवर चढवायचा. बारीक बॉडीच्या बोर्डावरचे वीज पुरवणारे फेज, हीटसिंक, अडॅप्टर हे सगळं १०५ वॅट धरून आखलेलं असतं. आकडा वाढवल्याने तांबं वाढत नाही. चुकीचा व्हीबायोस बसला तर स्क्रीन काळी पडून मशीन कायमचं बसू शकतं, वॉरंटी धोक्यात येते ती वेगळीच, आणि त्यानंतर विक्रेता निवांतपणे म्हणू शकतो की ग्राहकाने छेडछाड केली. मी सरळ नकार दिला. तुम्हालाही कुणी असं सुचवलं तर रिमोटचा कोड देऊ नका.

रॅमचा प्रकार इतका चलाख होता की तो कळल्यावर मला खरंच राग आला. टास्क मॅनेजरच्या मेमरी पानावर दोनपैकी एकच स्लॉट वापरात दिसत होता, म्हणजे ३२ जीबीची एकच स्टिक. मी विचारलं तर त्यांनी सांगितलं, सीपीयू-झेड उघडा आणि चॅनेलच्या रकान्यात काय आहे बघा. तिथे ‘२ × ३२ बिट’ होतं. ‘बघा सर, दोन चॅनेल.’ डीडीआर ५ या नव्या पिढीच्या रॅमच्या प्रत्येक स्टिकमध्ये मुळातच ३२ बिटचे दोन उपचॅनेल असतात, त्यामुळे एका स्टिकलाही तिथे दोनच दिसतात. दोन स्टिक बसवलेल्या असतील तर ‘४ × ३२ बिट’ दिसतं. त्याआधीच्या डीडीआर ४ च्या दिवसांतलं ज्ञान घेऊन बसलेला माणूस ते २ बघून समाधानाने गप्प बसेल, हे त्यांना माहीत होतं. एका स्टिकवर मेमरीची बँडविड्थ निम्मी राहते. सरासरी फ्रेमरेट काही गेममध्ये फारसा पडत नाही, पण गर्दीच्या प्रसंगी, जिथे प्रोसेसरवर ताण येतो तिथे, गेम अडखळतो. हजारो रेषांचा आलेख काढण्याची गरज नसते; माऊस फिरवताना हाताला कळतं.

आता ‘नवा, सीलबंद’बद्दल. विंडोज ताजं होतं, स्क्रीनवर प्लॅस्टिकची फिल्म होती, खोक्यावर टेप होती. पण दोन गोष्टी विंडोज नव्याने टाकून पुसल्या जात नाहीत. एक म्हणजे एसएसडीच्या आतली नोंद. क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये ती ड्राइव्ह किती तास चालू होती आणि तिच्यावर किती डेटा लिहिला गेला हे दिसतं. नव्या मशीनमध्ये तास एक आकडी किंवा थोडेसे असतात. इथे शेकड्यांत होते. दुसरी म्हणजे बॅटरी. कमांड प्रॉम्प्टमधून पॉवरसीएफजीच्या आज्ञेने बॅटरी रिपोर्ट काढला की मूळ क्षमता आणि आजची क्षमता शेजारी शेजारी दिसतात, आणि चार्जची आवर्तनंही. ही मोजणी बॅटरीच्याच सर्किटमध्ये असते. नव्या बॅटरीतही किंचित फरक असू शकतो, पण माझ्याकडची घट तेवढ्यावर खपवण्यासारखी नव्हती. वर निर्मात्याच्या संकेतस्थळावर सिरीयल नंबर टाकला, तर वॉरंटी मी खरेदी करण्याच्या बऱ्याच आधी सुरू झालेली. कुणीतरी वापरून परत केलेलं मशीन मला नवं म्हणून मिळालं होतं. परत आलेलं मशीन विकण्यात गैर काही नाही, मी स्वतः तसं घेतलंही असतं, पण तसं सांगून आणि त्या भावात.

आणि ते बेंचमार्कचं चित्र. नंतर निवांत बघितलं तेव्हा जाणवलं की त्यातला ग्राफिक्सचा गुण लॅपटॉपच्या ४०८०ला, अगदी १७५ वॅटवरही, झेपणारा नव्हताच. तो डेस्कटॉपच्या ग्राफिक्स कार्डाचा होता. म्हणून तर कडा कापल्या होत्या. कार्डाचं पूर्ण नाव तिथेच येतं. थ्रीडीमार्कचा निकाल जपून ठेवला की त्याचं स्वतंत्र पान तयार होतं. त्यावर जीपीयूचं पूर्ण नाव, सरासरी क्लॉक, मेमरी, ड्रायव्हर आणि तारीख असते. चित्र दाखवणाऱ्याकडे त्या पानाची लिंक मागा. ज्याच्याकडे मशीन खरोखर आहे त्याला ती द्यायला वेळ लागत नाही.

मुदत संपल्यावर अपेक्षेप्रमाणे उत्तर आलं: उघडलेला माल परत घेतला जात नाही. मग मी कार्डाच्या बँकेकडे ‘वर्णनाशी न जुळणारा माल’ या सदरात तक्रार दाखल केली. एचडब्ल्यूइन्फोचे आलेख, जीपीयू-झेडची चित्रं, सगळं जोडलं होतं. त्यातलं काहीही उपयोगी पडलं नाही. तक्रार बघणाऱ्या व्यक्तीला १०५ आणि १७५ यांत काय बिघडलं हे कळण्याचं कारण नव्हतं. कामाला आल्या त्या अगदी साध्या गोष्टी: चॅटमध्ये त्यांनी स्वतः लिहिलेला मॉडेल क्रमांक, सलग व्हिडिओमध्ये स्टिकरखालून निघालेला दुसरा क्रमांक, निर्मात्याच्या पानावर लिहिलेला ३३० वॅटचा अडॅप्टर आणि माझ्या हातातला २४०चा. कार्डाने भरलेली रक्कम परत आली. थेट खात्यावर गेलेली आली नाही, आणि त्या रकमेसाठी बँकेने आपल्याला काही करता येत नाही असं स्पष्ट सांगितलं. रक्कम दोन भागांत मागण्याची अट कशासाठी होती, ते तेव्हा नीट उमगलं.

जाहिरात अजून आहे. शीर्षक बदललंय, कापलेलं चित्र तेच आहे. माझ्या ओळखीतल्या एकाने खोक्यावरच्या मूळ लेबलचा आणि अडॅप्टरच्या पाठीचा फोटो मागितला. दोन्ही मेसेज वाचले गेले, उत्तर आलं नाही, आणि थोड्या वेळाने त्याला ब्लॉक केलं.