थर्माकोलच्या मागं काय होतं

तासगाव भागात बेदाणा करणाऱ्याला कोल्ड, म्हणजे कोल्ड स्टोरेज, काही नवीन नाही. मार्च-एप्रिलात रॅकवरून माल उतरला की बॉक्स भरायचे, कोल्डला लावायचे आणि दिवाळीच्या भावाकडे डोळे लावून बसायचं. दरवर्षी भाडं भरून वैतागलेल्या आम्ही तिघा चुलत भावांनी 2023 च्या जानेवारीत शेताच्या कडेलाच 40 टनांची खोली काढली. नऊ इंची वीटकाम आमच्या नेहमीच्या गवंड्यानं चोख केलं. फसलो ते त्यानंतरच्या कामात. ते काम एकदा झाकलं की परत दिसत नाही.

ठेकेदार ओळखीतूनच आला. बोलायला गोड, आल्या आल्या आप्पांच्या पाया पडणारा. त्याच्या कोटेशनात एक ओळ होती: व्हेपर बॅरियर, डांबराचे दोन हात, वर 250 मायक्रॉन शीट, भिंती व छत, रुपये 1,10,000. ही ओळ कशासाठी आहे ते आम्हा तिघांतल्या एकालाही धड माहीत नव्हतं. आम्ही घासाघीस केली ती कॉम्प्रेसरच्या किमतीवर.

आता माहीत आहे. खोलीत 4 अंश, बाहेर पावसाळ्यातली 26 अंशांची ओली हवा. वाफ गरम बाजूकडून थंड बाजूकडे सरकते आणि वीट, प्लास्टर, गारवा टिकवायला भिंतीला आतून लावलेल्या थर्माकोलचे सांधे यांतून वाट काढते. बाहेरची आर्द्रता 85 टक्के असेल, तर 23 अंशांच्या खाली गेलेल्या जागी त्या वाफेचं पाणी होतं. ही जागा थर्माकोलच्या पोटातच सापडते. म्हणून वाफ अडवणारा थर, म्हणजे तो व्हेपर बॅरियर, थर्माकोलच्या गरम बाजूला पाहिजे: विटांच्या आतल्या अंगाला डांबर, त्यावर शीट आणि मग थर्माकोल. खोलीकडचं फिनिश मात्र वाफ कोंडणारं नको. चुकून शिरलेली ओल खोलीत उतरून मशीनच्या थंड कॉइलवर धरते आणि ड्रेनमधून निघून जाते.

आमच्याकडं नेमकं उलटं झालं. डांबर-शीटचं काम त्यानं दोन दिवसांत उरकलं, तेही आम्ही तिघं रॅकवर द्राक्ष टाकण्यात गुंतलेलो असताना. तिसऱ्या दिवशी गेलो तर भिंतींना थर्माकोल लागलेला. वर म्हणाला, "दादा, आतनं चकचकीत फॉईल मारून देतो, तुमच्याकडनं एक रुपया जादा घेत नाही." खोली आरशासारखी दिसायला लागली. पाहुणे बघायला आले, आम्ही चहा पाजत फिरलो!

एप्रिलात मशीन सुरू केलं. आमच्याकडं तेव्हा हवा ठणठणीत कोरडी, त्यामुळे तापमान झटक्यात खाली आलं. त्यानं फोटो काढले, शेवटचा चेक घेतला. जुलैत छताच्या कोपऱ्यातून थेंब पडू लागले, कॉम्प्रेसर थांबायचं नाव घेईना. फोन केला तर, "दार सारखं उघडता तुम्ही." आम्ही कामाच्या पोरांवर ओरडलो. सप्टेंबरात परत फोन केला तर, "पहिलं वर्ष आहे, खोली सेट व्हायला वेळ लागतो." वॉरंटी एकच वर्षाची होती. ती संपली आणि त्याचं फोन उचलणंही संपलं.

दुसऱ्या पावसाळ्यात कुबट वास सुटला. छताकडच्या थप्प्यांतले बॉक्स फोडले तर हिरवा बेदाणा काळवंडून गोळा झालेला. त्यातली साखर ओल खेचून घेते. सौद्यात त्या मालाला जो भाव निघाला तो लिहायचीही लाज वाटते. त्याच आठवड्यात फॉईल फाडली आणि एक मीटर बाय अर्धा मीटर, 50 मिलिमीटरचा थर्माकोलचा पत्रा उपसला. वजन दीड किलोच्या वर. उन्हात आठवडाभर वाळवला तर 310 ग्रॅम. बिलातल्या 20 घनतेचा (घनमीटरला 20 किलो) असता तर 500 भरायला पाहिजे होता. हा पॅकिंगचा हलका माल. त्यामागं डांबर म्हणून रॉकेलात पातळ केलेला काळा हात, बोट लावलं की विटा दिसत होत्या. शीटचे सांधे नुसते शेजारी-शेजारी लावलेले, ना वीत-दीड वीत चढ, ना टेप. पाइप भिंतीतून जातो तिथं मूठभर भोक. छताला शीटच नव्हती.

एक चौरस मीटर शीट कापून वहिनींच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली: 96 ग्रॅम. 250 मायक्रॉनची पॉलिथिन शीट 230 च्या आसपास भरते. ही तपासणी करायला पाच मिनिटं लागतात. थर्माकोल चढायच्या आधी मी ती केली असती, तर हे लिहायची वेळ आली नसती.

पोलिसांनी दिवाणी बाब म्हणून परत पाठवलं. वकील म्हणाले, व्यापारी कामाची तक्रार ग्राहक आयोगात टिकवायला, हे आमच्या पोटापाण्याचं साधन आहे हे आधी सिद्ध करावं लागेल. आमच्याकडं झाकायच्या आधीचा एकही फोटो नाही, त्याच्याकडं मात्र चकचकीत खोलीचे वीस. या वेळी सगळं उकलून नव्यानं केलं. प्रत्येक थराला मी आणि गवंडी टॉर्च घेऊन उभे राहिलो, सांध्यावर बोट फिरवून बघितलं, आणि फोटो काढल्याशिवाय पुढचा पत्रा चढू दिला नाही. खर्च पहिल्या वेळेपेक्षा जास्त आला, कारण ओलं झालेलं उपसायचीही मजुरी पडली.

परवा त्याच्या व्हॉट्सॲप स्टेटसला मिरजेकडच्या एका नव्या खोलीचा व्हिडिओ होता. फॉईल आतूनच मारलेली. त्या मालकाचा नंबर शोधतोय.