‘ताई, सेल बसलाय’: मेणवलीत घेतलेली ‘नवी’ बॅटरी

हे सासूबाईंच्या वाचनात येणार नाही असं धरून लिहितेय. सुरुवात त्यांच्या कीर्तनापासून झाली, आणि खापर त्यांच्यावर फुटावं अशी माझी अजिबात इच्छा नाही.

मे २०२५ मधला शनिवार. पुण्याहून वाईला गेलो होतो, मी, नवरा, मुलगी आणि सासूबाई. गाडी मीच चालवते. ढोल्या गणपतीचं दर्शन झालं, मग मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आणि घाट बघू असं ठरलं. सासूबाईंचे गुडघे दुखतात, घाटाच्या पायऱ्या त्यांना नको होत्या. “तुम्ही या जाऊन, मी बसते गाडीत.” ऊन मरणाचं होतं. गाडी झाडाखाली लावली, किल्ली चालू ठेवली, ब्लोअर चारवर आणि फोनवरचं कीर्तन गाडीच्या स्पीकरवर लावून दिलं. अर्ध्या तासात येतो म्हणालो. मुलीला तिथली ती मोठी घंटा बघायची होती, नंतर नदीत पाय सोडून बसायचं होतं. दीड तास गेला.

परत येऊन किल्ली फिरवली तर कट् कट् कट्. डॅशबोर्डचे दिवे पणतीसारखे मंदावले आणि कीर्तनकारबुवा वाक्याच्या मध्येच थांबले.

रसवाल्याने सांगितलं, “वाईत बॅटरीवाला हाय, बोलवू का?” मला देवच भेटल्यासारखं झालं. दहा-पंधरा मिनिटांत तो स्कूटरवरून आला. तिशीतला, बोलायला गोड, शर्टाच्या खिशाला दोन पेनं. स्कूटरच्या पायदानावर खोक्यातली बॅटरी होती. इथेच मी जरा थांबून विचार करायला हवा होता. गाडी बघायच्या आधीच विकायची बॅटरी घेऊन आलेला माणूस तपासायला आलेला नसतो. त्या वेळी मात्र मला ती त्याची तत्परता वाटली.

बॉनेट उघडून त्याने छोटं मशीन काढलं, लाल-काळे चिमटे लावले, चार-पाच बटणं दाबली आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. इंग्रजीत ‘रिप्लेस’. “ताई, सेल बसलाय. आता काय उठत न्हाई ही.” मी म्हटलं, धक्का मारून बघू या का, चार माणसं आहेत इथे. त्याने जीभ चावली. “आजकालच्या गाड्यांना धक्का मारायचा न्हाई ताई, ईसीएम, म्हंजी गाडीचा काम्प्युटर, उडंल, चाळीस हजाराला जाईल. आन् समजा झाली चालू, खंबाटकीत बंद पडली म्हंजी? म्हातारं माणूस हाय संगं.”

शेवटचं वाक्य त्याने सासूबाईंकडे बघून म्हटलं. सौदा तिथेच झाला.

किंमत ४,८००. जुनी दिली तर ६०० कमी. बिल मागितलं तर “बिलावर जीएसटी लागंल, तुमचंच नुकसान.” त्याऐवजी वॉरंटी कार्ड दिलं, त्यावर शिक्का असा की दुकानाचं नाव वाचायला भिंग लागावं. ४,२०० यूपीआयने पाठवले. पैसे ज्या नावावर गेले ते कुणा बाईचं होतं, दुकानाचं नव्हे. गाडी एका किल्लीत चालू झाली. सासूबाईंनी त्याला आशीर्वाद दिला. जुनी बॅटरी स्कूटरच्या पायदानावर ठेवून तो गेला, आणि जाताना हातही हलवला.

तीन आठवडे बरे गेले. म्हणजे तेव्हा बरे वाटले. सकाळी स्टार्टर जरा जड फिरायचा, घर्र… घर्र… मग घर्रर्र. नवीन बॅटरी म्हणून माझं लक्षच नव्हतं. मग एका सोमवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये पुन्हा कट् कट्. या वेळी ना कीर्तन होतं ना ब्लोअर.

आमच्या भागात एक ऑटो इलेक्ट्रिशियन काका आहेत, साठी उलटलेले, पत्र्याचं दुकान. त्यांनी बॉनेट उघडलं, बॅटरीवरून अंगठा फिरवला आणि हसले. “मॅडम, ही नवी?” मग एकेक दाखवायला लागले. नव्या बॅटरीच्या शिशाच्या खुंट्यांवर क्लॅम्प आवळल्याचे ओरखडे एका बसवण्याचे असतात. इथे खुंट्या कानशीने घासून चकचकीत केलेल्या, तरी बुडाशी जुने चरे शिल्लक. स्टिकरचा कोपरा नखाने उचलला तर खाली दुसरा स्टिकर. वरच्या बाजूला तारखेचा कोड ठोकलेला असतो, तिथे प्लॅस्टिक घासून गुळगुळीत केलेलं. “कुणीतरी टाकून दिलेली घेतली, आठवडाभर मंद चार्जिंगवर ठेवली, धुतली, स्टिकर मारला. अशी बॅटरी पंधरा दिवस, महिना चालते. तेवढ्यात पर्यटक आपल्या गावी गेलेला असतो.”

ठीक, म्हणजे मला जुनी बॅटरी नवी म्हणून विकली. एवढ्यावर प्रकरण संपलं असतं तर मी गप्प बसले असते. पण काकांनी विचारलं, “आधीची किती वर्षांची होती?”

मला माहीत नव्हतं. सात वर्षं गाडी चालवतेय, पेट्रोलचा भाव पैशात सांगेन, पण बॅटरी कधी बदलली ते आठवेना. घरी येऊन ड्रॉवर उपसला. कार्ड सापडलं. ऑगस्ट २०२३. म्हणजे मेणवलीत ती बॅटरी २१ महिन्यांची होती. कार्डावर पहिले २४ महिने बिघडली तर मोफत बदलून, पुढचे २४ महिने ठरावीक सवलतीत. मी कार्ड घेऊन विजयी मुद्रेने दुकानात गेले. काका म्हणाले, “कार्डाला कोणी बॅटरी देत नाही मॅडम. बॅटरीला बॅटरी देतात. ती कुठाय?”

ती ६०० रुपयांत वाईला गेली होती.

आणि खरं सांगायचं तर ती बिघडलेलीही नव्हती. काकांनी तिथेच कागदाच्या चिठोऱ्यावर हिशेब मांडला. माझी ३५ अँपिअर-तासांची बॅटरी. ब्लोअर पूर्ण वेगात १०-१५ अँपिअर खातो, त्यात स्टिरिओ, फोनचं चार्जिंग, किल्ली चालू असल्यामुळे बाकीचं किरकोळ. इंजिन बंद असताना दीड तास हे चाललं तर अर्ध्याहून जास्त बॅटरी रिकामी. स्टार्टरला एकदम शंभराच्या वर अँपिअर लागतात, ते ती कुठून देणार? “रिकामी आणि मेलेली यात फरक आहे. तुम्ही उपाशी माणसाला स्मशानात पोचवलंत.”

मग मशीनने ‘रिप्लेस’ का म्हटलं? माझा हा प्रश्न काकांना फार आवडला. त्यांनी मांडणीवरची सीलबंद बॅटरी खाली घेतली, स्वतःचं मशीन लावलं. मशीन आधी विचारतं की या बॅटरीची सीसीए किती, म्हणजे थंडीत इंजिन फिरवायला ती किती करंट देऊ शकते तो आकडा. माझ्या गाडीच्या आकाराला तो साधारण तीनशेच्या आसपास असतो. काकांनी बरोबर आकडा घातला, मशीन म्हणालं ‘गुड’. मग तीच बॅटरी, तेच चिमटे, आकडा घातला ५५०. मशीन म्हणालं ‘रिप्लेस’. डब्यातून काढलेली, एकाही गाडीत न बसलेली कोरी बॅटरी! मशीन खोटं बोलत नाही. छोट्या हॅचबॅकची बॅटरी मोठ्या डिझेल गाडीची आहे असं त्याला सांगितलं, तर ते प्रामाणिकपणे ती नापास करतं. काही मशीन आणखी एक प्रश्न विचारतात, बॅटरी चार्ज करून तपासताय की चार्ज करायच्या आधी. रिकाम्या बॅटरीला ‘चार्ज केलेली’ असं उत्तर दिलं तरी निकाल हवा तसा येतो. बटणं तो दाबत होता आणि मी स्क्रीनकडे बघत होते.

म्हणून आता कुणी तपासत असेल तर मी शेजारी उभी राहते आणि विचारते, आकडा किती घातलात? बॅटरीवर छापलेला दाखवा. नुसतं विचारलं तरी समोरचा जरा सावरून बसतो.

धक्क्याचंही तसंच. माझी गाडी गिअरची आहे. दिवे मंद का होईना लागत होते, कट् कट् आवाज येत होता, म्हणजे बॅटरीत जीव होता. दुसऱ्या गिअरमध्ये घालून चार जणांनी ढकललं असतं तर बहुतेक चालू झाली असती. ऑटोमॅटिक गाडी अशी चालू होत नाही, हे खरं. पण तिथे सहा टुरिस्ट गाड्या उभ्या होत्या, एकाकडे तरी जंपर केबल असणारच. आणि खंबाटकीची भीती तर निव्वळ भीतीच होती. इंजिन एकदा चालू झालं की गाडीला वीज अल्टरनेटर देतो, तो ठीक असेल तर घाटात बॅटरीवाचून काही अडत नाही. इंजिन बंद न करता सरळ पुण्याला आलो असतो, वाटेतच बॅटरी बरीचशी भरली असती, उरलेली काकांनी रात्रभर चार्जरवर भरून दिली असती. चार्जिंगचे पैसे किती होतात ते विचारलं नाही, विचारायची हिंमत झाली नाही.

मग बॅटरी खरंच बदलायची कधी? हे मी काकांकडून जरा हट्टानेच शिकून घेतलं. आपल्याकडच्या उन्हात बॅटरी साधारण तीन ते पाच वर्षं चालते. ती उन्हाळ्यात आतून खराब होते आणि थंडीच्या पहिल्या सकाळी तोंडावर आपटते, म्हणून डिसेंबरमध्ये बॅटरीवाल्यांचा सीझन. तीन वर्षं झाली की वर्षातून एकदा तपासायची. मी ३५० रुपयांचा मल्टिमीटर घेतला. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी दार उघडून बॉनेट खोलायचं, दिवे विझू द्यायचे आणि मग चिमटे लावायचे. १२.६ व्होल्टच्या आसपास म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे रिकामी. रिकामी दिसली म्हणून लगेच मेली म्हणायचं नाही, आधी पूर्ण चार्ज करायची. पूर्ण चार्ज करूनही दुसऱ्या दिवशी खाली बसली, किंवा स्टार्टर मारताना आकडा साडेनऊच्याही खाली गेला, तर मात्र तिचे दिवस भरले. पोट फुगलेलं दिसलं किंवा कुजक्या अंड्यासारखा वास आला तर तपासणीत वेळही घालवायचा नाही.

इंजिन चालू असताना आकडा १३.८ ते १४.४ हवा. तो १२ वरच रेंगाळत असेल तर दोष अल्टरनेटरचा किंवा त्याला फिरवणाऱ्या पट्ट्याचा, आणि त्यावर कितीही नव्या बॅटऱ्या घातल्या तरी त्या एकेक करून झोपणार. खुंट्यांवर पांढरट-हिरवी बुरशी जमली असेल तर बऱ्याचदा तेवढ्यामुळेच गाडी चालू होत नाही. क्लॅम्प काढून गरम पाण्याने धुवायचा, सुकवायचा, आवळायचा. काढताना आधी काळी वायर, लावताना ती शेवटी. काही बॅटऱ्यांना वर हिरवा डोळा असतो, त्यावरही डोळे झाकून विसंबू नका. आत सहा सेल असतात आणि तो डोळा त्यातल्या एकाच सेलमधलं ॲसिड बघतो. सिग्नलला आपोआप बंद-चालू होणारी गाडी असेल तर तिला वेगळ्या प्रकारची, महाग बॅटरी लागते. तिच्या जागी साधी बसवून जाणारेही आहेत.

जूनमध्ये मी वाईला पुन्हा गेले. नवरा नको म्हणत होता, ४,२०० साठी दोनशे किलोमीटर पेट्रोल जाळायचं? पण मला जायचंच होतं. दुकान सापडलं, एका गाळ्याच्या तोंडाशी टेबल, वर एका मोठ्या कंपनीच्या रंगातला बोर्ड, नाव मात्र वेगळं. त्याने मला ओळखलं नाही, किंवा ओळखलं नाही असं दाखवलं. बॅटरी बघून म्हणाला, “ही आमची न्हाईच ताई.” कार्ड दाखवलं. “शिक्का कुणाचा हाय वाचा की.” वाचता येत नव्हता, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. यूपीआयची पावती दाखवली, त्यावर त्या बाईंचं नाव. “ह्या कोण?” असं त्यानेच मला विचारलं. ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ नंबर मला तोवर पाठ झाला होता, तो मी बोलूनही दाखवला. तो म्हणाला, “करा की ताई. बिल हाय ना तुमच्याकडं?”

मग एकदम आवाज मऊ करून म्हणाला, “लांबून आलाय, रिकाम्या हातानं कशाला जाता. ठेवून जा, आठशे देतो.”

मेलेल्या बॅटरीला आठशे. चांगल्या बॅटरीला सहाशे दिले होते. मी त्याच्या टेबलामागे बघितलं. भिंतीला टेकून सहा बॅटऱ्या ओळीने मांडलेल्या, सगळ्यांवर नवे स्टिकर, सगळ्यांच्या खुंट्या लखलखीत. माझ्या आधीच्या बॅटरीच्या बाजूला ती विकणाऱ्या दुकानदाराने पांढऱ्या रंगाने गाडीच्या नंबरचे शेवटचे चार आकडे लिहिले होते. ते कुठे दिसतात का म्हणून मी मान वाकडी करून शोधत होते, तेवढ्यात त्याचा फोन वाजला. “मेणवली? घाटावर ना? थांबा, आलोच धा मिनटात.” आणि त्या ओळीतली दुसरी बॅटरी उचलून त्याने खोक्यात घातली.