सुई अगदी खाली होती, आणि आवाज कुठेच पोचत नव्हता

हँडहेल्ड सीबी रेडिओ, म्हणजे गाड्या-गाड्यांतून एकमेकांशी बोलायचा हातातला वायरलेस, आणि त्याला जोडायचा गाडीच्या छतावरचा अँटेना घेताना मी फसले. पैसे गेलेच, पण त्याहून वाईट म्हणजे ऐन गरजेच्या वेळी हातातल्या यंत्रावर विसंबून मी दगडगोट्यांत अडकून बसले होते आणि शेजारच्या सीटवर माझा बारा वर्षांचा मुलगा होता. अशीच खरेदी करायला निघालेल्या कोणावर ती वेळ येऊ नये, म्हणून सगळं सांगते.

विकणाऱ्याने तीन गोष्टी दाखवल्या आणि तिन्ही डोळ्यांना पटणाऱ्या होत्या. पहिली, खोक्यावरचा '१६ वॉट' हा आकडा. दुसरी, प्रत्यक्ष चाचणी: एक रेडिओ माझ्या हातात, दुसरा त्याच्या मदतनिसाकडे, रस्त्याच्या पलीकडे, आणि आवाज खणखणीत. तिसरी, एसडब्ल्यूआर मीटर, म्हणजे रेडिओने अँटेनाला दिलेल्या शक्तीतली किती परत फिरते ते दाखवणारं यंत्र. माझ्या गाडीच्या छतावर त्याने तो जेमतेम अर्ध्या मीटरचा चुंबकाचा अँटेना ठेवला, रेडिओ जोडला आणि चॅनल १, २० आणि ४० वर बटण दाबून दाखवलं. तिन्ही ठिकाणी सुई १.१ वर. "बघा ताई, कारखान्यातूनच ट्यून होऊन येतो. कुठल्याही गाडीला लावा, हात लावायची गरज नाही."

एसडब्ल्यूआर जितका १ च्या जवळ तितकं बरं, दीडपर्यंत उत्तम, तीनच्या वर गेला तर रेडिओला धोका, एवढं मी वाचून गेले होते. १.१ पाहिल्यावर मी पुढे काही विचारलंच नाही.

पुढच्याच सहलीत आम्ही पाच गाड्या होतो आणि माझी सगळ्यात मागे. कोरड्या नदीच्या पात्रात पुढचं उजवं चाक दोन दगडांच्या फटीत गेलं आणि गाडी पोटावर टेकली. मी बटण दाबून हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. पुढच्या गाड्यांचं बोलणं मला बारीक पण स्पष्ट ऐकू येत होतं, चढ कसा आहे, कुणी कुठून घ्यायचं. माझी हाक मात्र कुणाच्या कानावर जात नव्हती. मुलगा विचारत होता, "आई, ते आपल्याला उत्तर का देत नाहीत?" चाळीस मिनिटांनी आपली मागची गाडी दिसत नाही हे कुणाच्या तरी लक्षात आलं आणि ते उलटे फिरले. चौथी गाडी माझ्यापासून पाचशे मीटरवरही नव्हती. तिच्या चालकाने सांगितलं, "वहिनी, तुमच्याकडून खरखरसुद्धा आली नाही."

त्यांचं ऐकू येत होतं म्हणून माझा रेडिओ ठीक आहे असं मी धरून चालले होते. तीच चूक. २७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात बाहेरचा खरखराट मुळातच इतका असतो की अँटेना निकामी असला तरी जवळच्या गाड्या ऐकू येतात. पाठवताना मात्र त्याच्यातला सगळा दोष उघडा पडतो.

संध्याकाळी मुक्कामाला आमच्यातल्या काकांनी, त्यांच्याकडे हॅमचा म्हणजे हौशी रेडिओचा परवाना आहे, आपला मीटर काढला. माझ्या अँटेनाची सुई पुन्हा १.१ वर. एक ते चाळीस, कुठल्याही चॅनलवर तीच. मला हायसं वाटलं, पण काकांच्या कपाळाला आठी पडली. "अगं, अँटेना इतका चांगला असतच नाही. एवढासा आखूड अँटेना एका टोकाला आणि दुसऱ्या टोकाला वेगळा आकडा दाखवणारच. मध्ये कुठेतरी खाली येतो, कडेला वर चढतो." मग त्यांनी बटण दाबून धरलं आणि मला म्हणाले, "बुडाला हात लाव." अँटेनाचं काळं बूड कोमट झालं होतं. थोड्या वेळाने चांगलंच गरम.

चाकूने प्लास्टिक कापलं. आत तांब्याच्या तारेचं वेटोळं असायला हवं होतं. तिथे गोंदात बुडवलेला एक रेझिस्टर होता, ५० ओहमचा, केबलच्या मधल्या तारेपासून थेट बुडाच्या पत्र्याला जोडलेला. वरची काठी नुसती शोभेला. रेडिओने दिलेली जवळजवळ सगळी शक्ती त्या रेझिस्टरमध्ये उष्णता होऊन जिरत होती. शक्ती परत येत नाही म्हणून सुई खाली, आणि हवेत जात नाही म्हणून आवाज पोचत नाही. एसडब्ल्यूआर मीटर फक्त परत किती आली एवढंच सांगतो. बाहेर किती गेली ते तो सांगतच नाही. ज्याने हा अँटेना बनवला त्याला हे पक्कं ठाऊक होतं, आणि त्याचाच मला सर्वांत जास्त राग आहे.

रस्त्यापलीकडची ती चाचणीही तशीच. पन्नास-शंभर मीटरवर या पट्ट्यात काहीही चालतं. तेवढ्या अंतरावर ऐकू आलं यावरून काहीच ठरत नाही.

आता मला कळतं की 'कारखान्यातून ट्यून' हे शब्द ऐकल्यावर तिथूनच परत फिरायला हवं होतं. सीबीची तरंगलांबी साधारण ११ मीटर. तिचा चौथा हिस्सा म्हणजे पावणेतीन मीटर, पूर्ण लांबीची काठी तेवढी. छतावर एवढी उंच काठी कुणी लावत नाही, म्हणून आखूड काठीच्या बुडाशी किंवा टोकाशी तारेचं वेटोळं देऊन उरलेली लांबी भरून काढतात. आणि अँटेनाचा दुसरा अर्धा भाग म्हणजे गाडीचा पत्रा. छताच्या मध्यावर एक आकडा येईल, मागच्या कोपऱ्यात दुसरा. न पाहिलेल्या गाडीसाठी आधीच जुळवलेला अँटेना कसा असेल? प्रामाणिक अँटेनाला काठीची लांबी कमीजास्त करायचा स्क्रू असतो आणि तो आपल्याच गाडीवर, आपल्याच जागी जुळवावा लागतो. छत ॲल्युमिनियमचं किंवा फायबरचं असेल तर चुंबक चिकटणारच नाही. तेव्हा बॉनेटच्या कडेला किंवा चौकटीला पट्टी लावून घ्यावी लागते.

१६ वॉटचंही ऐका. एएममध्ये, म्हणजे सीबीवर आवाज पाठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, अमेरिका आणि युरोपातल्या बऱ्याच देशांत सीबीला ४ वॉटची मर्यादा आहे. त्याच ४ वॉटवर बोलताना क्षणिक शिखर चौपट, म्हणजे १६ पर्यंत जातं. आकडा खोटा नाही, पण तो छापण्यात लबाडी आहे. वॉट चौपट सांगून अंतर वाढत नाही. दऱ्याखोऱ्यांत, हातातल्या रबरी अँटेनावर दोन रेडिओंमध्ये एक-दोन किलोमीटर धरावं, कधी तेवढंही नाही. खोक्यावरचे तीस किलोमीटर डोक्यातून काढून टाका.

सेलचीही एक बाब. आठ साधे सेल १२ व्होल्ट देतात, आठ चार्जिंगचे ९.६. विकणाऱ्याने 'एकच आहे' म्हणून चार्जिंगचे दिले होते. गाडीतून वीज देणारा ॲडॅप्टर असलेला रेडिओच घ्या, हा प्रश्न उरत नाही.

अँटेना परत घेऊन गेले तेव्हा विकणारा म्हणाला, "तुम्ही कापलात, आता आम्ही काय करणार?" ते त्याला सोयीचं होतं, आणि कापल्याशिवाय मला काही कळलंही नसतं असं तेव्हा वाटलं. पण कापायची गरजच नव्हती. साधा मल्टिमीटर ओहमवर ठेवून केबलच्या टोकाच्या मधल्या पिनेला एक टोक आणि बाहेरच्या कड्याला दुसरं लावायचं. खरा अँटेना एकतर शून्याच्या जवळ दाखवतो किंवा काहीच दाखवत नाही, वेटोळं कसं जोडलंय त्यावर. ५० च्या आसपास आकडा आला तर आत रेझिस्टर आहे. दुकानात, पैसे देण्याआधी, अर्ध्या मिनिटाचं काम. दुसरा अँटेना घेताना मी मल्टिमीटर पर्समधून काढला तेव्हा त्या दुकानदाराने स्वतःच केबल पुढे केली. काटा शून्यावर गेला, आणि मग काठी जुळवायला आम्ही दोघं गाडीपाशी गेलो.