एकहाती किचन सेवा: कपाटं चोख, वेळापत्रक मात्र तपासून घ्या

जुना ओटा फोडण्यापासून शेवटचं हँडल लावण्यापर्यंत सगळं एकाच कंत्राटात करून देणाऱ्या सेवा आता सर्रास मिळतात. गवंडी, प्लंबर, इलेक्ट्रिशियन, सुतार हे सगळे त्यांचेच. कपाटांबद्दल तक्रारीला फारशी जागा नसते; कारखान्यात कापलेला माल मापात असतो, बिजागऱ्या आणि ड्रॉवरचे चॅनेल बहुधा चांगले येतात. खरी पारख होते ती करारासोबत मिळणाऱ्या एका कागदावर: कोणतं काम कधी. तो नीट असेल तर सेवेला पाचपैकी चार गुण, नसेल तर दोन.

कागद हातात आला की आधी प्लंबर आणि इलेक्ट्रिशियन किती वेळा येणार ते मोजा. दोघेही किमान दोनदा यायला हवेत, भिंत उघडी असताना एकदा आणि ओटा बसल्यावर पुन्हा. एकेकदाच लिहिलं असेल, तर तो कागद किचन बसवणाऱ्याने केलेला नाही, विकणाऱ्याने केलाय.

मग माप. पहिल्या भेटीत घेतलेलं माप फक्त अंदाजपत्रकापुरतं असतं. त्याच आकड्यांवर कपाटं कापायला धाडली की पंचाईत ठरलेली. टाइल ८ ते १० मिमी, तिच्यामागचा ॲडहेसिव्ह ३ ते ५ मिमी. म्हणजे दोन भिंतींमधली ३००० मिमीची जागा टाइल्स लागल्यावर २९७० च्या आसपास येते. गिलावा वाकडा असेल तर आणखी कमी. म्हणून फोडकाम आणि गिलावा झाल्यावर दुसरं माप हवंच, आणि तेही तीन उंचींवर: जमिनीलगत, ओट्याच्या पातळीला आणि वरच्या कपाटांच्या पातळीला. पुढे लागणाऱ्या टाइल्सची जाडी त्यातून वजा करायची, कोपऱ्यात गुनिया (काटकोन तपासायचं साधन) लावून बघायचा आणि सगळ्यात लहान आकडा खरा धरायचा. भिंतीला टेकणाऱ्या टोकाला आणि आतल्या कोपऱ्यात ३० ते ५० मिमीची फिलर पट्टी (कपाट आणि भिंतीमधली जागा भरणारी फळी) नसेल, तर ड्रॉवर शेजारच्या हँडलवर आपटून अर्ध्यातच अडतो. झटपट डिलिव्हरीची जाहिरात करणाऱ्या सेवा नेमकं हे दुसरं माप गाळतात. दिवस तिथूनच वाचवलेले असतात.

भिंतीतलं काम अंतिम ड्रॉइंग भिंतीवर खडूने आखूनच व्हावं. ओव्हनचा सॉकेट ओव्हनच्या पाठीमागे नको, शेजारच्या कपाटात हवा. नाहीतर प्लग मागे अडतो, ओव्हन पूर्ण आत सरकत नाही आणि बंद करायचा झाला तर आधी बाहेर ओढावा लागतो. विजेवरच्या हॉबला, म्हणजे ओट्यात बसवलेल्या शेगडीला, स्वतंत्र सर्किट. सिंकखाली ड्रॉवर असेल तर सांडपाण्याचं तोंड आणि ट्रॅप (वास अडवणारा वाकडा पाइप) मागच्या भिंतीलगत जायला हवेत, हे प्लंबरला तेव्हाच सांगावं लागतं. सिंकच्या ४० मिमी पाइपला मीटरमागे साधारण २५ मिमी उतार पुरतो. गिलाव्याआधी पाण्याच्या लाइनचा प्रेशर टेस्ट आणि प्रत्येक भिंतीचा टेप धरून काढलेला फोटो, या दोन गोष्टी करारात लिहून घ्या. वरची कपाटं टांगताना ड्रिल कुठे मारायचं नाही, हे तो फोटो सांगतो. भिंत पोकळ असेल, तर बोर्ड चढवण्याआधी कपाटांच्या रेषेवर आत लाकडी पट्टी द्यायची. नंतर ती घालता येत नाही.

फरशीचा प्रश्न बहुतेक वेळापत्रकांत एका ओळीत उरकलेला असतो. टाइल्स असतील तर त्या आधी, कपाटांच्या खालीसुद्धा. लॅमिनेटसारखी तरंगती, म्हणजे जमिनीला न चिकटवलेली फरशी असेल तर कपाटं आधी, कारण त्या फरशीला हलायला जागा लागते आणि ओट्याचं वजन तिला जखडून टाकतं. पण अशा वेळी फरशीची जाडी कपाटांच्या उंचीत आधीच धरलेली हवी. डिशवॉशर साधारण ८२० मिमी उंच असतो. तो ओट्याखाली ढकलल्यावर पुढची जमीन १५ मिमीने वाढली, की मशीन आत कोंडलं. दुरुस्तीच्या दिवशी फरशी फोडायची की ओटा उचलायचा, एवढाच पर्याय उरतो. नवा कोबा घातला असेल तर १ मिमीला १ दिवस हा सुकण्याचा जुना ठोकताळा. ५० मिमीला जवळपास ७ आठवडे. ओलसर खोलीत पार्टिकल बोर्डची (लाकडाचा चुरा दाबून केलेल्या फळ्यांची) कपाटं आणून ठेवली तर कडा फुगतात.

कपाटं लावायला सेवेचे फिटर आले की त्यांचं पहिलं काम बघत राहा. जाणता फिटर खोके फोडायच्या आधी लेझर लावून जमिनीचा सगळ्यात उंच बिंदू शोधतो आणि खालच्या कपाटांच्या माथ्याची रेषा तिथून मारतो. ७२० मिमीचं कपाट, १०० मिमीचे पाय, म्हणजे ८२० वर रेषा. डिशवॉशर असेल तर हे अगदी काठावरचं, तेव्हा पाय थोडे उंच घेतलेले बरे. सखल टोकापासून सुरुवात केली तर उंच टोकाला पोचेपर्यंत पाय पूर्ण आत गेलेले असतात आणि कपाट तरीही रेषेच्या वर राहतं. मग लावलेली सगळी पुन्हा उचला. वरची कपाटं आधी की खालची, यावर फिटर लोक वाद घालतात. आमचा कौल वरच्यांना: खाली उभं राहायला मोकळी जागा असते आणि हातातून ड्रिल सुटलं तरी नवा ओटा फुटत नाही. सगळ्यांची दारं आणि ड्रॉवर काढून ठेवायचे, शेजारची दोन कपाटं क्लॅम्पने आवळून समोरच्या कडा एका पातळीत आणायच्या, मग एकमेकांना स्क्रू, आणि भिंतीला शेवटी.

सगळ्यात जास्त घोळ दगडाच्या ओट्यात होतो. ओट्याचा साचा, म्हणजे दगड कापण्यासाठीचं नेमकं माप, खालची कपाटं पक्की झाल्यावरच घ्यायचा, आणि त्या दिवशी सिंक, हॉब, नळ या वस्तू प्रत्यक्ष जागेवर हव्यात. कॅटलॉगमधल्या मापावर भोक पाडलेला दगड परत जोडता येत नाही. साचा ते दगड येणं यात आठवडा-दोन आठवडे जातात, आणि टाइलवाला रिकामा बसू नये म्हणून याच दिवसांत ओट्यामागच्या टाइल्सची पट्टी लावून टाकली जाते. हे चूक. दगड आला की टाइलच्या खालच्या रेषेशी त्याचं जुळत नाही, एका टोकाला फट २ मिमी आणि दुसऱ्याला ८. भिंत जमिनीपासून पूर्ण टाइल्सची असेल तर कपाटांच्या आधी. फक्त ओट्यामागे असेल तर ओट्यानंतर, ३ मिमी फट सोडून. त्या फटीत ग्राउट (टाइल्सच्या सांध्यात भरायचा कडक मसाला) नाही, लवचिक सिलिकॉन. ओटा आणि भिंत वेगवेगळे हलतात, ग्राउटला तडा जातो आणि पाणी थेट कपाटाच्या बोर्डच्या कडेत उतरतं. लाकडी किंवा लॅमिनेटच्या ओट्यात सिंकसाठी कापलेली कच्ची कडाही आधी सिलिकॉनने बंद करून घ्यावी. नंतर ती दिसतही नाही.

यानंतर नळ-जोडणी आणि चिमणी. हॉबपासून चिमणीचं अंतर साधारण ६५० ते ७५० मिमी, नेमका आकडा तिच्या पुस्तिकेतला. रंगाचा शेवटचा हात, आणि सिलिकॉनला २४ तास पाणी नको. स्कर्टिंग, म्हणजे कपाटांचे पाय झाकणारी पट्टी, अगदी शेवटी: सिंक भरून एकदम सोडायचं, टॉर्च घेऊन कपाटांखालून सगळे सांधे बघायचे, कोरडे असतील तरच पट्टी क्लिपवर चढवायची.

दारांची रेषा सुपूर्दगीच्या दिवशी सरळ दिसतेच. भांडी भरल्यावर, ओट्याचा भार बसल्यावर ती एक-दोन मिमी खाली येते. बिजागरीचे स्क्रू फिरवायला तासभर पुरतो, पण त्यासाठी महिन्याभराने एक भेट करारात हवी आणि शेवटचा हप्ता तिला बांधलेला हवा. बऱ्याच सेवा ही भेट तोंडी कबूल करतात. लिहून मागितलं की कोणती टाळाटाळ करते, ते सही करण्याआधीच कळतं.